थांबलेली बोट आणि उघडा नळ

सुचेता हिंदळेकर घराबाहेर पडायच्या आधी गॅस तीनदा बघायची. पहिल्यांदा स्वतःच्या समाधानासाठी. दुसऱ्यांदा, पहिल्यांदा नीट बघितला की नाही ते आठवत नाही म्हणून. आणि तिसऱ्यांदा, नवरा हरिश्चंद्र जिन्यातून "अगं, रिक्षा उभी आहे" असं ओरडायचा म्हणून. ओरडा ऐकला की तिला वाटायचं, झाली घाई, आणि घाईत काहीतरी राहिलंच असणार. मग ती चपलांसकट पुन्हा स्वयंपाकघरात.

बाई एम.ए. झालेली, शाळेत भूगोल शिकवणारी. पण जगात जे जे बिघडू शकतं ते बिघडायच्या आधीच तिच्या डोळ्यांपुढे उभं राहायचं. मुलगी संपदा पुण्याला हॉस्टेलवर गेली तेव्हा सुचेतानं तिच्या बॅगेत शिट्टी, टॉर्च आणि ऐन हिवाळ्यात छत्री घातली होती. संपदा फोनवर म्हणायची, "आई, काळजी तू कर, अभ्यास मी करते. दोघींनी एकच काम कशाला करायचं?"

अशा बाईला क्रूझवर न्यायचं म्हणजे हरिश्चंद्राच्या धाडसाची कमालच म्हणायची. पण पास आयते आले होते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या ज्या कारखान्यात तो अकाउंट्स बघायचा, तिथल्या जितेंद्रशेठना कुणीतरी ते दिले होते आणि शेठना बोट लागायची. ही दोन हजार सहा सालची गोष्ट. मोठाल्या प्रवासी बोटी तेव्हा मुंबईहून नुकत्याच सुटायला लागल्या होत्या. शनिवारी दुपारी निघायचं, रात्रभर समुद्रात हिंडायचं आणि रविवारी सकाळी परत.

"जाते कुठे ही बोट?" सुचेतानं विचारलं.

"कुठेच नाही. जाते आणि परत येते."

"मग जायचं कशाला?"

"माथेरानला गेलो होतो तेव्हा तरी आपण दुसरं काय केलं?"

सुचेता बॅग भरायला लागली. एका रात्रीच्या प्रवासाला तिनं चकल्या, रव्याचे लाडू, आलेपाक, दोन चादरी, नायलॉनची दोरी आणि ओव्याच्या अर्काची बाटली घेतली. "दोरी कशाला?" हरिश्चंद्रानं विचारलं. "असावी," ती म्हणाली.

पण बॅगेत काय घेतलं याला पुढे फारसं महत्त्व उरलं नाही. जे काही झालं ते हॉलमधल्या पिंपामुळे.

भाईंदरमध्ये त्या दिवसांत पाण्याची वेळ म्हणजे पाहुण्यांच्या वेळेसारखी होती. पालिकेचं पाणी आलं तर सोसायटीची टाकी भरायची. टाकी भरली की सेक्रेटरी सुभाष गच्चीवर जाऊन एकेका लाइनचा व्हॉल्व्ह सोडायचा. एकावर एक असलेल्या चार घरांची एक लाइन. पाणी कधी सुटेल याचा नेम नाही, म्हणून घरोघरी पिंप. सुचेताचं पिंप हॉलमध्ये, दाराच्या मागे, फुलाफुलांच्या अभ्र्यात. स्वयंपाकघरातल्या नळाला हिरवा पाइप लावून तो थेट पिंपात सोडलेला. पिंप रिकामं झालं की सुचेता तळाशी कारखान्यातलं एक चेपलेलं ताट पालथं टाकायची आणि नळ उघडा ठेवून निजायची. पाणी आलं की ताट ठणठणायला लागे आणि घर जागं होई. भाईंदरच्या निम्म्या घरांत अशी काही ना काही घंटा होती.

नळ उघडणं सोपं होतं. तो बंद करायची सुचेताची तऱ्हा मात्र वेगळी. ती तो असा आवळायची की दुसऱ्या कुणाच्या हातानं हलायचा नाही. हरिश्चंद्र रोज सकाळी चहाचं पातेलं घेऊन तिला हाका मारायचा.

या पिंपाच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, मंदाचा हॉल होता.

मंदा आणि सुचेता एकाच वर्षी परळ सोडून इथे आल्या होत्या, तेव्हापासूनच्या मैत्रिणी. सुचेताच्या घराची एक चावी कायम मंदाच्या दारामागच्या हुकाला असायची. मग सुचेताच्या मोरीतून गळती सुरू झाली. मंदाच्या छतावर पिवळा डाग उमटला आणि वाढत वाढत गुजरातच्या नकाशाएवढा झाला. "तुझी मोरी", "तुझं छत" करता करता एक दिवस मंदानं चावी लिफाफ्यात घालून, लिफाफा डिंकानं चिकटवून, वॉचमनच्या हाती वर पाठवून दिली. पुढे तीन वर्षं दोघी जिन्यात समोरासमोर आल्या की भिंतीचा रंग बघायच्या.

शेवटी मोरी दुरुस्त झाली. मंदानं हॉलला पीओपीचं नवं छत करून घेतलं, कडेनं वेलबुट्टी, मध्ये बारके दिवे. आणि संक्रांतीला तिनं सगळ्या बिल्डिंगीला हळदीकुंकवाला बोलावलं, सुचेतालाही. तिळगूळ देताना म्हणाली, "या सुचेताताई. बसा. तुम्हाला छत दाखवायचं होतं."

एके काळी ती "सुचे" म्हणायची. आता ताई आणि तुम्ही. सुचेतानं तिळगूळ तोंडात टाकला आणि मान वर करून छताचं कौतुक केलं, मान दुखेपर्यंत. एवढं जमलंय, तर आता एक थेंबसुद्धा खाली जाऊ द्यायचा नाही, असं तिनं त्या छताखालीच ठरवलं. चावीचं तिच्या मनात होतं, पण आपण होऊन द्यायची कशी? मंदा मागेल तर देऊ. मंदानं काही मागितली नाही.

हे झालं आणि तिसऱ्या आठवड्यात क्रूझ.

शनिवारी सकाळी पाणी आलंच नाही. फळ्यावर सुभाषची नोटीस लागली, मोठ्या पाइपलाइनचं काम असल्यामुळे आज पाणी नाही, उद्या दुपारी सुटेल. सुचेतानं गॅस बघितला, पुन्हा बघितला, हरिश्चंद्र जिन्यातून ओरडला तेव्हा तिसऱ्यांदा बघितला, आणि दोघं निघाले.

शनिवार झकास गेला. बोट एखाद्या मोठ्या सोसायटीसारखी होती, मजल्यावर मजले. सुचेतानं आधी जीवरक्षक होड्या कुठे आहेत ते बघून घेतलं आणि मग जेवली. जेवण इतकं होतं की हरिश्चंद्र गोडाच्या टेबलाकडे तीनदा गेला, आणि तिनं विचारल्यावर म्हणाला, "तू गॅस बघतेस, मी पुडिंग बघतो."

रविवारी सकाळी चहा पिताना मात्र तिच्या लक्षात आलं की कपातला चहा हलत नाहीये. बोटीची बारीक थरथर थांबली होती. थोड्या वेळानं कर्ण्यातून आधी इंग्रजीत, मग हिंदीत घोषणा झाली. इंजिनात किरकोळ बिघाड आहे, काळजीचं कारण नाही, मुंबईहून ओढायला टग येईल, पोचायला संध्याकाळ होईल. सर्वांना दुपारचं जेवण बोटीतर्फे.

डेकवर एकच गिल्ला झाला. कुणाचं विमान होतं, कुणाचा साखरपुडा. एक गृहस्थ रेलिंगला धरून समुद्रालाच रागावत होते. हरिश्चंद्र खूश होता, त्याला आणखी एक जेवण मिळालं होतं. आणि नवलाची गोष्ट म्हणजे सुचेता शांत होती. बोट बंद पडणं तिनं आठवडाभर आधीच सोसून घेतलं होतं. तिच्याकडे दोरीसुद्धा होती.

"बघ, तूच घाबरली नाहीस," हरिश्चंद्र म्हणाला. "चल, जरा ऊन खाऊ. घरी दुपारच्या पाण्याला नाही पोचलो तरी काय बिघडतंय?"

सुचेतानं हातातला लाडू खाली ठेवला.

"दुपारचं पाणी," ती म्हणाली.

"हो, नोटीस नव्हती का—"

"अहो, शुक्रवारी रात्री मी नळ उघडा ठेवला होता. सकाळी पाणी आलं नाही. मग तो बंद कुणी केला?"

"मी नाही."

"मीही नाही." तिनं डोळे मिटून घरातून निघतानाचं सगळं आठवून पाहिलं. गॅस तीनदा आठवला, देवापुढचा दिवा आठवला. नळ काही आठवेना. पाइप पिंपात, नळ उघडा, पाणी दुपारी. पिंप भरेल, अभ्रा भिजेल, मग हॉल, आणि मग हॉलच्या खाली ते पांढरंशुभ्र छत. वेलबुट्टीतून टपटपणारं पाणी तिला स्वच्छ दिसलं. गुजरातच कशाला, या वेळी सगळा भारत उमटणार होता.

तिनं मोबाइल काढला. रेंज नव्हती.

शेजारच्या खुर्च्यांवर भाईंदरजवळच्याच, समुद्रकाठच्या उत्तनचं एक जोडपं बसलं होतं, फ्रेडी आणि आयरिन. त्यांचा मुलगा डॅरेन याच बोटीवर स्टुअर्ड होता आणि त्यानं आईबापाला हौसेनं आणलं होतं. फ्रेडीची स्वतःची मासेमारीची बोट होती. तो रेलिंगपाशी उभा राहून किनाऱ्याकडे बोट दाखवत होता. धुरकट हवेत एक टेकाड आणि त्यावर पांढरा ठिपका दिसत होता.

"तो आमचा उत्तनचा डोंगरी. चर्च दिसतंय काय? बोट वाहत वाहत आमचे दारात आली बग," तो म्हणाला.

म्हणजे घर इथून हाकेवर होतं. सुचेताला हुंदकाच आला.

"बाय, घाबरू नको," आयरिन म्हणाली. "आमचे बोटीचा इंजिन तर सारखा बंद पडतो. तीन-तीन दिस मानसं येत न्हाय. मी किनाऱ्यावर बसून वाट बगते. आज मी हितं बसलीय, घरची वाट बगत हायत. बसू दे जरा, कलू दे त्यांना."

"मी बोटीला नाही घाबरले हो. माझा नळ उघडा राहिलाय."

आयरिननं तिच्याकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिलं. "माजे बोंबील वालत टाकलेत," ती म्हणाली. "घरी पोरीला, टॅनियाला, सांगून आली, पन ती टीवी बगत बसली असंल." आणि तिनं कमरेच्या बटव्यातून मोबाइल काढून फिरवला. फोन लागला. बोंबलांची चौकशी झाली, मांजराची झाली, टॅनियाचा उद्धार झाला.

सुचेता बघतच राहिली. "तुमचा लागतो?"

"उत्तनचा टावर पकडते. घे. चकली हाय ना ती?"

चकल्यांचा डबा आयरिनकडे गेला आणि फोन सुचेताकडे.

"सुभाषला लाव," हरिश्चंद्र म्हणाला. "तो बघेल काय ते."

"सुभाष फळ्यावर लिहील."

तिनं मंदाच्या घरचा नंबर फिरवला. तीन वर्षं न फिरवलेला, पण बोटांत अजून होता.

"हॅलो, मंदाताई, मी सुचेता."

"बोला. आलात का? आवाज कुठून येतोय?"

"समुद्रातून. बोट बंद पडलीये."

"अगं बाई. दोघं बरे आहात ना?"

"आम्ही बरे आहोत. मंदाताई, तुम्ही हॉलमध्ये आहात का?"

"हो. डोक्याला मेंदी लावून बसलेय. पाणी सुटेपर्यंत भिजेल. का हो?"

"जरा वर बघता का?"

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बघितलं. छत आहे."

"कोरडं आहे ना?"

मग मंदा सावकाश म्हणाली, "सुचेताताई, काय केलंत तुम्ही?"

सुचेतानं सांगितलं. पाइप, पिंप, नळ, नोटीस. सांगताना तिला जाणवलं की आजूबाजूचे चारसहा लोक आपापल्या तक्रारी सोडून ऐकताहेत.

"चावी कुठेय?" मंदानं विचारलं.

"एक माझ्या पर्समध्ये. एक संपदाकडे, पुण्याला."

"आणि तिसरी? मी परत केली होती ती?"

"ती... कपाटात आहे. लिफाफ्यात."

"लिफाफा फोडलासुद्धा नाहीस?"

"नाही."

"का?"

याचं उत्तर भर डेकवर, परक्याच्या फोनवरून, चारसहा जणांसमोर देण्यासारखं नव्हतं. "फोडला असता तर दुसऱ्या कुणाला द्यावी लागली असती," सुचेता कशीबशी म्हणाली.

फोनमध्ये खरखर झाली. आयरिननं चकली मोडल्याचा आवाज आला. आणि मग मंदा एकदम कडाडली, "अगं सुचे, मग मी आता काय तुझं दार फोडू?"

सुचेताचे डोळे भरून आले. कडाडणं नवीन नव्हतं, पण "सुचे" तीन वर्षांनी आलं होतं.

"थांब," मंदा म्हणाली. "सुभाष आता गच्चीवर जाईल. त्याला सांगते, आपल्या लाइनचा व्हॉल्व्ह सोडायचाच नाही. तू येईपर्यंत."

"पण मग तुलाही पाणी मिळणार नाही. चारही घरांना नाही. कालपासून नाहीये. आणि तुझी मेंदी?"

"मेंदी वाळेल. वाळून हेल्मेट होईल. छत भिजलं तर काय करू? ठेव फोन. आणि लवकर ये. वल्ही मार हवं तर."

त्यानंतरची दुपार मोठी लांबली. हरिश्चंद्र जेवून आला, तिच्यासाठी ताट भरून आणलं, तिनं ते तसंच ठेवलं.

"तू नळ नक्की बंद केला नव्हतास ना?" त्यानं हळूच विचारलं.

"नक्की माहीत असतं तर लोकांना कोरडं ठेवलं असतं का?"

लाडवांच्या डब्यावर दुसरा फोन झाला. मंदानं उचलला तेव्हा मागे कालवा ऐकू येत होता. "उर्मिलाबेन बादली घेऊन आल्यात. शेजारच्या लाइनला पाणी आलंय, ते बघून यांचा जीव जातोय. मी सांगितलं, कुणी गच्चीच्या दाराला हात लावायचा नाही. कॉर्डलेस घेऊन पायरीवरच बसलेय. सुचे, टग आली का?"

"दिसतेय. खूप लांब आहे. लहान आहे गं."

"लहान असू दे. ओढते ना?"

ओढली. बोट हलली तशा टाळ्या झाल्या. धक्क्याला लागेपर्यंत सूर्य बुडाला होता. उतरताना सुचेतानं आलेपाकाची पुडी आयरिनच्या हातात कोंबली. आयरिन म्हणाली, "बोंबील मांजरानं नेले दोन. तुजा छत वाचला काय ते फोन करून सांग, नायतर मला झोप लागाची न्हाय."

घर जवळ आलं आणि टॅक्सी काशीगावाच्या आधी ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हा हरिश्चंद्रानं घड्याळ बघायचं टाळलं, ही त्याच्या शहाणपणाची खूण. बिल्डिंगीत शिरल्या शिरल्या बादल्या दिसल्या. पहिल्या पायरीपासून वर तिसऱ्या मजल्यापर्यंत रांगेत, निळ्या, लाल, एक पितळी कळशी. बादल्यांमागे माणसं. पहिल्या मजल्याच्या उर्मिलाबेन कठड्याला टेकून उभ्या होत्या.

"आओ सुचेताबेन," त्या म्हणाल्या. "आप के पास तो पानी ही पानी था. यहाँ देखो, चाय भी बाजूवाले से माँग के पिया."

सुभाष गच्चीची किल्ली बोटात फिरवत होता. "वहिनी, चार घरांनी माझं डोकं खाल्लंय. मंदा वहिनी हलूच देत नाहीत."

आणि सगळ्यांच्या वर, सुचेताच्या दारापुढच्या शेवटच्या पायरीवर मंदा बसली होती. पदर खोचलेला, डोक्याला प्लास्टिकची पिशवी, कपाळावर वाळलेल्या मेंदीचा ओघळ. एखाद्या लढाईची सेनापती असावी तशी.

"उघड," ती म्हणाली.

सुचेतानं किल्ली फिरवली. दार उघडलं. हॉल कोरडा, पिंप रिकामं, तळाशी ताट. पाइपच्या मागोमाग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. सुचेतानं दिवा लावला.

नळ बंद होता.

मंदानं हात पुढे करून फिरवून पाहिला. हलला नाही. दोन्ही हातांनी पाहिला. तरी नाही. असा नळ आवळणारी बाई या बिल्डिंगीत एकच होती, आणि ती शेजारी भिंतीला टेकून पांढरीफटक उभी होती.

"तिसऱ्यांदा गॅस बघायला आले होते," सुचेता पुटपुटली. "हे ओरडत होते. तेव्हाच हात गेला असणार. मंदा, मला खरंच आठवत नाही गं."

मंदानं नळाकडे पाहिलं. मग डोक्यावरच्या पिशवीला हात लावला. आतून सुकलेल्या पानांसारखा आवाज आला.

जिन्यातली माणसं दाराशी जमली होती. सुभाष दारातून म्हणाला, "वहिनी, होता का उघडा?"

सुचेतानं खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मंदा तिच्या पुढे सरकली, दार अडवून उभी राहिली.

"होता," ती ठणकावून म्हणाली. "सताड उघडा होता. पाणी सोडलं असतंस तर खाली तुझ्या सोसायटीच्या ऑफिसपर्यंत आलं असतं. जा, सोड आता."

जिन्यातून "अरे बापरे" आणि "बच गये" असे आवाज आले. उर्मिलाबेन म्हणाल्या, "देखा, मैंने बोला था, मंदाबेन ऐसे ही नहीं बैठी." बादल्या उचलल्या गेल्या, पावलं धडधडत खाली गेली. हरिश्चंद्र हॉलमध्ये बॅग घेऊन उभा होता. त्यानं बंद नळ पाहिला होता. तो बॅगेतली दोरी काढून फार लक्षपूर्वक गुंडाळायला लागला.

"मंदा—" सुचेता म्हणाली.

"बोलू नकोस. मला हसू आलं तर मेंदी तडकेल. हा तुझा नळ उघड आधी, मी इथेच डोकं धुणार."

सुचेतानं नळ उघडला. मंदा पाइप ओढून काढायच्या आतच वरून पाणी आलं आणि हॉलमधलं ताट ठणठण वाजायला लागलं. मग पाइप निघाला, मंदानं सिंकमध्ये डोकं घातलं आणि हिरवट पाणी वाहायला लागलं. सुचेता मगानं पाणी घालत होती. केस चांगलेच लाल झाले होते, गाजराच्या हलव्यासारखे.

डोक्याला टॉवेल बांधून मंदा ताठ झाली तेव्हा सुचेता कपाटापाशी जाऊन आली होती. तिनं लिफाफा पुढे केला. डिंक अजून घट्ट होता. मंदानं तो दातानं फाडला, चावी काढली, फुंकर मारून कमरेला खोचली.

"पुढच्या वेळी जाताना नुसती हाक मार," ती म्हणाली. "नळ मी बघेन. गॅससुद्धा बघेन."

"तीनदा?"

"एकदाच," मंदा दाराकडे वळत म्हणाली. "मी बंद केलेलं माझ्या लक्षात राहतं."